शांत

संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागण्याच्या दिवशी, पन्नालालनी अख्ख्या जुन्नरपेठेची क्षमा मागितली. पण घर सोडून गेलेले दोन्ही मुलगे काही त्यांचा फोन उचलेनात.

“नीलम, तुमचं ते कृष्णविवर सगळं गिळतं ना गं?” खोडदच्या दुर्बिणीवर संशोधन करणाऱ्या, सणाला घरी आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं.

“सगळं नाही, पप्पा. वाढताना ते भयंकर तापतं आणि भोवतीचा वायू लांब उडवून लावतं. त्या वायूतूनच तर नवे तारे जन्मायचे असतात.”

“मग त्या आकाशगंगेत उरतं काय?”

“म्हातारे तारे.”

पन्नालालनी बायकोकडे पाहिलं. “गेलेला वायू परत येतो?”

“विवर शांत झालं, तर येतो थोडा.”

“मग सांग ना त्यांना, झालोय मी शांत!” ते असे कडाडले, की नीलमनं नकळत आपली बॅग जवळ ओढली.