कलती नाव

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ," असं म्हणत म्हणतच काकूंचा नवरा गेला. मेल्याने आयुष्यभर या कालव्यांच्या शहराची नुसती चित्रं दाखवली. शेवटी काकू रागारागाने एकट्याच आल्या.

"मावशी, मधोमध बसा. नाव डावीकडे कलतेय," नावाडी म्हणाला.

"मधोमधच बसलेय की! डोळे फुटले का रे?"

नावाड्याने त्यांची पिशवी उजवीकडे सरकवली. नाव डावीकडे आणखीच कलली. त्या बाजूची फळी रिकामी होती, तरी पाणी काठाला टेकलं होतं. कुणी हौसेने बाहेर वाकून पूल बघावा, तसं.

काकू त्या रिकाम्या फळीकडे बघून सवयीने खेकसल्या, "अहो, किती ते वाकणं! बसा नीट!"

कुरकुरत, नाव सरळ झाली.