कोणतंही बटण दाबा

"सर, 'कीबोर्ड सापडत नाही, कोणतंही बटण दाबा' असं कॉम्प्युटर म्हणाला, तर बटण दाबायचं कुठलं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भर वर्गात विचारलं. सगळे खिदळले. सरही हसले.

"सुरू केल्यावर आधी बोर्डावरची चिप जागी होते," ते म्हणाले. "ती एकेक भाग तपासते आणि मगच डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम लोड करते. एखादा भाग सापडला नाही, तर कुणी बटण दाबेपर्यंत ती तिथंच अडून बसते."

म्हटलं, घरी बघूच. काका वारल्यावर त्यांचा कॉम्प्युटर माझा झाला. पासवर्डसुद्धा मी लगेच बदलला होता. कीबोर्ड काढून कपाटावर ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. तोच संदेश आला. मी हाताची घडी घालून बसले.

संदेश गेला. सिस्टिम लोड झाली.

पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला. बऱ्याच वेळानं दुसरा. काका असंच एका बोटानं, अक्षर शोधत टाइप करायचे.

"पासवर्ड चुकीचा आहे."

चौकट रिकामी झाली. मग पुन्हा पहिला ठिपका.

मी स्वयंपाकघरात गेले.

"काय गं, एवढ्यात कंटाळलीस?" बाबा म्हणाले.

"आई, बाबा, मी काकांचा जुना पासवर्ड परत ठेवणार आहे."