तक्रारवही

"विद्यापीठ लोकपाल संघटनेचा इतिहास म्हटल्यावर पुरावा हवा, ताई," स्मरणिकेचे संपादक रेवंडकर म्हणाले.

संस्थापक अध्यक्ष कुमुदताईंनी कागदाच्या कपट्यांनी भरलेली पिशवी टेबलावर ठेवली. "ही माझी तक्रारवही, मी विद्यापीठाची लोकपाल होते तेव्हाची. कुलसचिव म्हणाले, तक्रार करणाऱ्या मुलींची नावं द्या, नाहीतर घरी बसा. त्यांच्या डोळ्यांदेखत फाडली नि घरी बसले. आठवड्याभरात आणखी चार विद्यापीठांच्या लोकपालांनी आपापल्या वह्या फाडल्या. झाली संघटना!"

रेवंडकर हरखले. त्यांनी दोन कपटे शेजारी ठेवून पाहिले. "अहो, जुळतंय की! 'मृणा...' सगळे चिकटवले तर नावंही मिळतील!"

पंचवीस वर्षं ताईंनी ही पिशवी मिरवली होती. त्यांनी ते दोन कपटेही काढून घेतले, मोरीत जाऊन पिशवी बादलीत पालथी केली आणि कोपरापर्यंत हात घालून घुसळलं. शाई सुटून पाणी निळं झालं.

"अहो, इतिहास गेला!"

"मग तसंच छापा," ओले हात पदराला पुसत ताई म्हणाल्या. "पुरावा संस्थापक अध्यक्षांनी नष्ट केला. दोनदा. आणि नाव हवंच असेल, तर माझं घाला. ठळक अक्षरात."