पडद्यामागची फुंकर

पडद्यामागे भात्याने नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून अशी फुंकली की बाहेरच्या यंत्राने लांबलचक शीळ घातली. त्याच्या शेजारी दाजी शर्टाचं टोक तोंडात कोंबून उभे होते. खोकला घशाशी आला होता, तो त्यांनी कसाबसा गिळला.

"वा, काका," पलीकडून डॉक्टर म्हणाला. "या वयात अशी छाती!"

पडदा सारून दाजी बाहेर आले, डॉक्टरकडे बघून हसले आणि बाकावर जाऊन बसले. भाता तिथेच, मागच्या न्हाणीघराच्या दारात, पुढच्या माणसाची वाट बघत थांबला. माणसाला खोकताना संकोच वाटू नये म्हणून कंपनीनेच तो पडदा लावला होता. अशा बाबतीत कंपनी भारी हळवी.

कोळशाच्या त्या वीजघरात ही रीत जुनीच. छातीच्या तपासणीत नापास झाला की माणसाला घरचा रस्ता, म्हणून सगळ्यांची नळी एकटा भाताच फुंकायचा; त्यावरूनच त्याला हे नाव पडलेलं. तो स्टोअरमध्ये कामाला, कोळशाची धूळ त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. शिवाय दाजींचा तो मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. 'दाजी' हे नावही त्याच्या तोंडून सगळ्या वीजघराने उचललेलं. दाजींनी मात्र बॉयलरसमोर जन्म काढला होता. हल्ली घरचा जिना चढताना ते मध्येच वाकायचे आणि चप्पल नीट करत असल्याचं नाटक करायचे.

आता वीजघर बंद होणार होतं. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही, असं कंपनीने जाहीर केलं होतं. बदलाची योजना कामगारांना विचारूनच करायची म्हणून समितीत त्यांचा एक माणूसही घेतला होता, आणि तो माणूस म्हणजे भाता. ही तपासणी कशासाठी, हे दाजींनी त्याला खोदून खोदून विचारलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, "दाजी, मी आहे ना. तुम्ही फक्त खोकू नका."

भात्याची स्वतःची पाळी सगळ्यात शेवटी आली. यंत्र जेमतेम कुरकुरलं. डॉक्टरने पुन्हा फुंकायला सांगितलं, पुन्हा तेच. सगळ्यांसाठी फुंकून बिचाऱ्याचा जीव गेला असणार, असं वाटून दाजींना अगदी भरून आलं.

मग बदलाची योजना राबवणारी कंपनीची मॅडम आली. बाई मनाने चांगली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. तिने सगळ्यांना पाणी दिलं का विचारलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. धुळीने ज्यांची छाती गेली, त्यांना याच इमारतीत वरच्या मजल्यावर संगणकाच्या पडद्यांसमोर बसून पवनचक्क्यांवर लक्ष ठेवायचं काम. औषधपाणी कंपनीचं. खुर्च्या मोजक्याच, म्हणून जो जास्त आजारी त्याला आधी. ज्यांची छाती दणकट, त्यांनी पवनचक्क्यांवर चढायचं. आत सरळ उभी लोखंडी शिडी आहे. चढायचं नसेल त्याने काम सोडलं असं धरलं जाईल. ही वाटणी तुमच्याच प्रतिनिधीने सुचवली, असं सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

"आणि एक सोडून तुम्ही सगळे ठणठणीत निघालात," ती म्हणाली. "आपल्या कोळशाने कामगारांचं काही बिघडलं नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकते."

तिला खरं काय ते सांगायचं म्हणजे आधी फसवणूक कबूल करावी लागणार, आणि त्याला शिक्षा एकच होती, बडतर्फी. मागच्या बाकावर एकाला खोकला आला. त्याने तो हसण्यावारी नेला.

दाजी भात्याकडे बघत राहिले. घरात बल्ब गेला तर हा माणूस स्टुलावर चढायचा नाही. पाय लटपटायचे त्याचे. त्यावरून त्याची थट्टा करत दाजीच दरवेळी चढायचे. म्हणजे शिडी टाळायला याला खुर्ची हवी होती, आणि खरे आजारी रांगेत असताना ती याला कोण देणार होतं? ज्याने इतकी वर्षं वाचवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. दाजींना संताप आला, पण संतापायलाही छातीत हवा लागते.

"चला, तुमची जागा दाखवते," मॅडम भात्याला म्हणाली. मग तिची नजर दाजींवर गेली. "काका, तुमची छाती भक्कम. यांना जरा धरून वर न्या ना."

दाजींनी मेहुण्याच्या कमरेभोवती हात घातला. भात्याने सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकला आणि दोघं जिना चढू लागले. मॅडम काळजीने मागून येत होती. जिन्याच्या वळणावर दाजींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत शीळ वाजायला लागली. ते चप्पल नीट करायला वाकले.

भात्याने त्यांचा दंड धरून त्यांना सरळ केलं. आपलं तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"थांबू नका, दाजी. बाई बघतेय. दम मला लागलाय."

आणि तो जोरजोरात खोकू लागला.