पाचव्यांदा आलेली गाडी

उस्तादांनी हात लावलेली गाडी परत येत नाही, हे सत्य गॅरेजच्या पाटीवर फूटभर अक्षरांत रंगवलं होतं: 'एकदाच या.' बाईंची गाडी त्या पाटीखाली पाचव्यांदा उभी होती.

बाई उतरल्या. अंगात जाड कोट, हातमोजे, डोक्याला मफलर, काखेत चहाचा थर्मास. मोहिमेवर निघाल्यासारखा सगळा सरंजाम.

"हीटर गार वारा मारतोय," त्या म्हणाल्या.

"काल नेलीत तेव्हा भट्टीसारखा तापला होता, बाई."

"काल होता, आज नाही. तारीख बदलली की उत्तर बदलतं का रे, मागचा बाक?"

उस्ताद आता पन्नाशीचे होते. बाईंनी त्यांना तीन वर्षं गणित शिकवलं होतं. म्हणजे बाईंच्या बाजूने तरी शिकवून झालं होतं.

त्यांनी बॉनेट उघडून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावला. गार. आत वाकून पाहिलं, तर तापमानाचा काटा तळाशी पाय पसरून बसलेला. इंजिन तापतच नव्हतं, आणि हीटरची ऊब इंजिनाच्याच उष्णतेवर. थर्मोस्टॅट उघडा अडकला की असं होतं. पण थर्मोस्टॅट त्यांनी पहिल्याच खेपेला बदलला होता. दुसऱ्या खेपेला तो नवाही बदलला. मग हीटरच्या नळ्या धुऊन झाल्या. चौथ्या खेपेला कूलंटमधली हवा काढली, डॅशबोर्ड उलगडून आतली झडपसुद्धा तपासली. दर वेळी इंजिन चालू ठेवून निवांत चहा प्यायला, की आतून असा गरम झोत यायचा की समोर हात धरवायचा नाही. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बाई, कोट, मफलर.

"उस्ताद," समोरचा पंक्चरवाला ओरडला, "पाटीवर 'रोज या' लिहून देऊ का? रंग आहे माझ्याकडे!"

उस्तादांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"येताना वाटेत जरासुद्धा गरम होत नाही, बाई?"

"थेट माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत. गार म्हणजे गार."

"आणि दुसरीकडे कुठे नेता तेव्हा?"

"बिघडलेली गाडी घेऊन मी दुसरीकडे कशाला जाईन? ताईकडे जायचंय. चार तासांचा रस्ता. ऐंशीची झाली ती, रोज फोन करून विचारते, निघालीस का." बाईंनी हातमोजे काढले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरा मेकॅनिक बघते."

हे वाक्य उस्तादांना आतपर्यंत लागलं. नापास झाल्याचं दुःख नव्हतं, त्याची सवय होती. पण ते गणितात. विचारायला अजून दोन-चार प्रश्न होते, पण उलटतपासणी बाईंनी घ्यायची असते, बाईंची घ्यायची नसते, एवढं शिक्षण त्यांच्या अंगी मुरलं होतं.

"मी तुमच्या घरापर्यंत गाडीतून येतो," ते म्हणाले. "चालत्या गाडीतच पकडतो त्याला."

शाळा नदीपलीकडे, तेव्हा बाईही नदीपलीकडे. शाळेपासून दूर बाई कुठे राहू शकतात, हा विचार उस्तादांना चाळीस वर्षांत शिवला नव्हता. म्हणजे पाऊण तास सहज. त्यांनी स्वेटर चढवला, हत्यारांची पिशवी घेतली, शटर ओढून कुलूप लावलं आणि बायकोला फोन केला.

"जेवायला थांबू नकोस. लांब जातोय."

"कुणाबरोबर?"

"गणिताच्या बाईंबरोबर."

"मग वाटेत पाढे म्हणत जा," बायकोने फोन ठेवला.

गाडी सुरू झाली. गार वारा गुडघ्यांवर आदळू लागला. उस्तादांनी एक हात जाळीसमोर धरला, कान डॅशबोर्डला लावला आणि नळ्यांतलं पाणी ऐकायला डोळे मिटले. पाणी वाहत होतं. पंखा फिरत होता. सगळं जागच्या जागी होतं आणि वारा गार होता. तीस वर्षांच्या धंद्यात असा चक्रावून टाकणारा बिघाड त्यांनी पाहिला नव्हता. गाडीने एक वळण घेतलं, एक गतिरोधक ओलांडला आणि थांबली.

उस्तादांनी दचकून डोळे उघडले. "बंद पडली?"

"नाही रे," हँडब्रेक ओढत बाई म्हणाल्या. "घर आलं."