परीक्षा आमची

त्या रविवारी बाबांनी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. जगभरचे हौशी लोक मिळून एक डेस्कटॉप, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची सगळी मांडणी, घडवतात आणि कुणालाही फुकट वापरू देतात; निवृत्त झाल्यापासून बाबा त्यांतलेच एक होते.

"परत माझी परीक्षा?" आई कुरकुरली.

"परीक्षा तुझी नाही, आमची. आपल्या लग्नाचे फोटो उघड."

आईचा हात पडद्यावरच्या बिननावाच्या चित्रांवर घुटमळला. "खाली नावं हवीत," बाबा म्हणाले.

"एका आईवरून जगाचं डिझाइन ठरवणार, बाबा?" लेक हसली. ती स्वतः एका कंपनीत डिझायनर होती.

"जगात बाकीच्यांनाही आया आहेत की."

त्याच रात्री बाबांनी ती सूचना जगभरच्या सोबत्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपलेले बाबा उठलेच नाहीत.

पुढे त्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली तेव्हा लेकीने आईला तिथेच बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. प्रत्येक चित्राखाली आता ठळक मराठी नाव होतं. आईचा हात न अडखळता फोटोंवर गेला. मुंडावळ्यांतले बाबा पडद्यावर हसले.

"ऑफिसात मीही लोकांना असंच समोर बसवते, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमचं बघूनच शिकले."