गुण आलेली गोळी

सकाळी साडेअकरा वाजता शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाईजाच्या ईसीजीचा कागद दोनदा वाचला आणि तिची गोळी बंद केली. पायांची सूज उतरवणाऱ्या त्या गोळीने लघवीवाटे पाण्याबरोबर अंगातले क्षारही गेले होते. त्यामुळेच आठवडाभर तिच्या छातीत फडफडत होतं आणि ठोके मध्येच चुकत होते.

"वेळेवर आलात, आजी. उरलेल्या गोळ्या इकडे द्या."

"उरल्यात कुठं? गुण आलेलं औषध दडवून ठेवलं तर त्याचा गुण जातो, डाक्टर." बाईजा हसली. "माझ्या भावाचे, कमळूचे पन पाय सुजलेत. माझी सूज उतरली तशी परवाच अख्खं पाकीट त्याला दिलं."

डॉक्टर हसले नाहीत. "आत्ताच्या आत्ता फोन लावा. एकही गोळी घेऊ नको म्हणावं."

सून अपेक्षा हिने फोन लावून सासूच्या कानाला धरला. उंबरमाळीच्या डोंगरात रेंज मिळायला तीन खेपा गेल्या. चौथ्या खेपेला भावजयीने उचलला आणि बाईजाला बोलूच दिलं नाही.

"तुझी गोळी लय भारी गो, बाय! सूज पार उतरली. फक्त सकाळपासून छातीत फडफडत होतं, म्हनून त्यांनी अजून दोन घेतल्या."

 

"आता गप झोपलेत," भावजय म्हणाली. "उठवू काय?"